लाल कागद कपाटात राहिला तो हिवाळा

इंदूताईंना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांच्या केसांत पिवळ्या कागदाचा एक बोळा अडकला होता. मी माझ्या मुलीला, केतकीला, बालवाडीत घालायला घेऊन गेले होते. लग्न होऊन कराडहून बदलापूरला आले, मग यजमानांच्या कारखान्याजवळ म्हणून आम्ही अंबरनाथ पश्चिमेला भाड्याने राहायला आलो. ओळखीचे कोणी नव्हते. बालवाडी म्हणजे एका सोसायटीच्या तळमजल्यावरची लांबट खोली. पूर्वेकडे खिडक्या, दारात छोट्या चपलांचा ढीग आणि आत सतरंजीवर स्वेटर घातलेली पोरे.

केतकीने माझा पदर धरून भोकाड पसरले. ताईंनी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मलाच विचारले, "तुम्हाला मैद्याची खळ शिजवता येते का? गाठी न होता?"

"येते की," मी म्हटले.

"मग जरा उपकार करा. आमच्या मावशी आज आल्या नाहीत. स्टोव्ह आतल्या बाजूला आहे."

नव्या पालकाशी असे कोणी बोलते का, हा विचार माझ्या मनात आला खरा, पण मी पदर खोचला आणि खळ ढवळायला लागले. केतकी रडत रडत माझ्या मागे आली. पातेल्यात दुधासारखे पाणी हळूहळू घट्ट होताना पाहता पाहता तिचे रडणे कमी झाले. खळ निवल्यावर ताईंनी ती बशीत काढली आणि केतकीपुढे धरली. "बोट घालून सांग बरं मला, गार झालीय का?"

केतकीने बोट घातले आणि ते सरळ तोंडात घातले. मी ओरडले. ताई म्हणाल्या, "खाऊ दे. मैदा आणि पाणी, दुसरं काही नाही त्यात. खळ टिकावी म्हणून लोक मोरचूद घालतात, ते विषारी असतं, मी घालत नाही. म्हणून तर रोज ताजी शिजवावी लागते."

तोवर केतकी बशी घेऊन सतरंजीवर जाऊन बसलीसुद्धा होती. मी दुसऱ्या दिवशीही खळ शिजवायला गेले. मावशी आल्या होत्या, तरी गेले. केतकी आता नोकरी करते, पुण्यात राहते, आणि मी अजून त्या खोलीत जातेच आहे. आधी खळ शिजवणारी, मग मदतनीस, मग ताईंच्या हाताखालची शिक्षिका. इंदूताई यंदा पंचाहत्तरी पूर्ण करत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात माझ्यासारखीने लिहावे असा आग्रह त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी धरला, याचा मला आनंद आहे आणि थोडा संकोचही.

ताईंच्या कामाबद्दल सांगायचे तर हिवाळ्यापासूनच सुरुवात करावी लागेल. जूनमध्ये आलेली मुले दिवाळीपर्यंत रडून, भांडून, एकमेकांचे डबे खाऊन स्थिरावतात. दिवाळीची सुट्टी संपली की ताई उल्हासनगरला जाऊन पतंगी कागद आणत. हल्ली आईवडील त्याला टिश्यू पेपर म्हणतात. संक्रांत पुढे असल्यामुळे त्या दिवसांत बाजारात सगळे रंग मिळतात. घाऊक दुकानाचे सिंधी मालक ताईंना चांगले ओळखत. ताई प्रत्येक रंगाचा कोपरा ओल्या बोटाने चोळून बघत, रंग किती सुटतो ते पाहत, कागद कानाजवळ नेऊन चुरगाळत. एकदा मी बरोबर होते. मालक हसून म्हणाले, "टीचर, कागद घेताय का मुलीसाठी स्थळ बघताय? इतना तो कोई नहीं देखता!"

"भाईसाहेब, माझी मुलं तीन वर्षांची आहेत. कडक कागद त्यांच्या बोटांना ऐकत नाही," ताई म्हणाल्या. मग मालकांनी शर्टांच्या खोक्यांतून निघालेल्या पांढऱ्या मऊ कागदाची चवड आतून आणून आमच्या पिशवीत कोंबली. दर वर्षी ती चवड ते ताईंसाठी बाजूला काढून ठेवत.

त्या कागदाचे पुढे काय होई, ते पाहण्यासारखे असे. बालवाडीत कात्री नव्हती. फळ्यावर नमुनाही लावलेला नसे. मुले कागद फाडत, चुरगाळून बोळे करत, बोटाने खळ लावत आणि चिकटवत. एवढेच. लाल, नारिंगी, पिवळ्या बोळ्यांची शेकोटी होई. हिरव्या-पांढऱ्या कपट्यांचा मुळा होई, जांभळ्या बोळ्यांची वांगी होत. पातळ पांढरा कागद निळ्यावर चिकटवला की बदलापूरच्या नदीवर सकाळी उतरते तसे धुके दिसे. आणि संक्रांतीच्या आधी एका सकाळी खिडक्यांच्या काचांना सगळ्या रंगांचे कपटे चिकटवायचे. हिवाळ्यात ऊन तिरपे येते, ते थेट सतरंजीपर्यंत पोचते. मग मुले एकामागून एक हात पुढे करून तळव्यावर रंग घेत बसत. कोणी तो रंग खिशात घालून घरी न्यायचा प्रयत्न करी. ताई त्याला खिसा घट्ट धरून ठेवायला सांगत.

मी एकदा विचारले होते, "ताई, तुम्हाला हे कागदाचं वेड कुठून लागलं?"

"वेड कसलं गं? स्वस्त आहे, मऊ आहे, कुणाला लागत नाही, आणि बिघडला तर दुसरा घ्यावा. लहान मुलांना द्यायला याहून चांगलं काय आहे?"

त्यांचे काही आग्रह फार पक्के होते. मुलाने केलेल्या कामाला मोठ्या माणसाने बोट लावायचे नाही, हा पहिला. कोणी आई घाईघाईने आपल्या मुलाचा बोळा सरळ करायला गेली की ताईंचा आवाज चढे. चमकीवर त्यांचा राग होता. चमकी पायाला चिकटून घरभर जाते आणि मुलांचे डोळे तिच्यातच अडकतात, असे त्यांचे म्हणणे. गाणी मात्र त्या भरपूर म्हणत आणि सगळी बेसूर म्हणत. मुलांना ते बेसूर आहे हे पहिलीत गेल्यावर कळे.

सगळ्या पालकांना हे पटत होते असे नाही. एक वडील, कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, मुलाच्या दप्तरात रोज कागदाचे बोळेच निघतात म्हणून तक्रार घेऊन आले. शेजारच्या शाळेत याच वयाची मुले पन्नासपर्यंत अंक लिहितात, आणि आमचा अजून पेन्सिल धरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ताईंनी त्यांना वाद न घालता शनिवारी मुलाबरोबर येऊन बसायला सांगितले. ते आले, पँट सांभाळत सतरंजीवर बसले. मुलाने त्यांच्या हातात नारिंगी कागद दिला. दहा मिनिटांत तो त्यांच्यावर ओरडत होता, "पप्पा, एवढा मोठा नको! दोन बोटांनी कर. अंगठा आणि हे बोट. असं." वडिलांना ते जमेना. त्यांनी मुलाच्या बोटांकडे बराच वेळ पाहिले. जाताना ताईंना एवढेच म्हणाले, "पेन्सिल अशीच धरतात, नाही का?"

ताई म्हणाल्या, "हो. धरेल तो."

असे काही जण राहिले, तसे काही निघूनही गेले. जवळच इंग्रजी माध्यमाची मोठी शाळा निघाली तेव्हा आमची सतरंजी निम्मी रिकामी झाली. जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ताईंनी त्याच्या वर्षभराच्या कामांची गुंडाळी बांधून दिली आणि दारापर्यंत पोचवले. त्या पालकांबद्दल एक वाकडा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. मीच चिडले होते. त्या म्हणाल्या, "अगं सुनीता, त्यांना पोराची काळजी आहे म्हणूनच नेताहेत ना? आपल्याकडे उरलीत त्यांच्याकडे बघ."

ताईंच्या कामाची खरी ओळख मला ज्या हिवाळ्यात झाली, त्याबद्दल आता लिहिते.

दिवाळीनंतर एका सकाळी बदलापूरजवळच्या गावातले एक आजोबा नातीला घेऊन आले. मुलीचे नाव ओवी, वय चार. तिचे आईवडील अंबरनाथला राहायला आले होते आणि दोघे कामावर जात म्हणून आजोबा तिला सांभाळायला इथे होते. ओवीने लांब बाह्यांचा, तिच्या मापाहून मोठा स्वेटर घातला होता. उजवी बाही खाली लोंबत होती आणि हात आतच होता.

आजोबा ताईंना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "बाय, पावसाळ्यात आंघोळीचं कढत पानी सांडलं हातावर. जखम भरली. पन पोर हात कोनाला दाखवत नाय. घरात पन नाय. डॉक्टर बोलला, बोटं हलवली नाय तर आखडतील. आमी सांगून थकलो. जोर केला की किंचाळते."

"रात्री झोपेत उघडते का मूठ?"

"जरा जरा."

"आणि विस्तव?"

"गॅस पेटवला तरी पलते बाहेर."

ताईंनी ओवीकडे पाहिले. ती दारातल्या चपला डाव्या हाताने जोडीने लावत बसली होती. ताई म्हणाल्या, "राहू दे तिला. मी हाताबद्दल काही विचारणार नाही. तुम्हीही इथे आलात की विचारू नका."

आम्ही त्याच आठवड्यात शेकोटी करणार होतो. लाल, नारिंगी कागद फाडून ठेवलेला होता. मुले दिवाळीपासून शेकोटी कधी, शेकोटी कधी असे विचारत होती. आजोबा गेल्यावर ताईंनी तो सगळा कागद उचलला, आतल्या लोखंडी कपाटात ठेवला आणि कपाट लावून घेतले.

"ताई, मुलं विचारतील," मी म्हटले.

"विचारतील. यंदा आपण धुकं करू."

"सगळ्यांनीच?"

"सगळ्यांनीच. तिला एकटीला वेगळं दिलं तर तिला कळेल ना."

त्या वर्षी आमच्या बालवाडीत शेकोटी पेटली नाही. शर्टांच्या खोक्यांतला पांढरा कागद आणि निळ्याच्या सगळ्या छटा बाहेर आल्या. पहिले काही दिवस ताईंनी चिकटवायला काही दिलेच नाही. मुलांना गोल बसवून मध्ये पांढऱ्या कागदाचे तुकडे टाकले आणि फुंकर मारायला सांगितले. कागद उडाले, नाकावर बसले, कोणाच्या कानटोपीत शिरले. फुंकर मारायला हात लागत नाही. ओवी पहिल्या दिवशी भिंतीला टेकून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी पुढे सरकली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने गाल फुगवून अशी फुंकर मारली की स्वतःच दचकली आणि मग हसली. तिचा आवाज आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

मग फाडायचे काम आले. कागद फाडायला दोन हात लागतात, हे इतकी वर्षे मुलांबरोबर कागद फाडूनही माझ्या कधी लक्षात आले नव्हते. ओवीच्या ते लगेच लक्षात आले. तिने क्षणभर विचार केला, कागदाचे एक टोक गुडघ्याखाली दाबले आणि दुसरे डाव्या हाताने ओढले. कागद टर्रकन फाटला. मी ताईंकडे पाहिले. मला वाटले, हात बाहेर काढायची संधी हुकली. ताई मात्र खूश होऊन टाळ्या वाजवत होत्या. "वा गं ओवी! गुडघ्याने! मला नव्हतं सुचलं." बाकीच्या मुलांनी लगेच आपापले कागद गुडघ्याखाली घातले. पुढचे दोन दिवस आमची सगळी बालवाडी गुडघ्याने कागद फाडत होती.

त्या मुलांत जय नावाचा एक सिंधी मुलगा होता. जाडजूड, बडबड्या, निम्मे मराठी निम्मे हिंदी बोलणारा. त्याला ओवीचे काम फार हळू चालले आहे असे वाटायला लागले. तो तिच्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "मैं पकडता हूँ, तू फाड." तेव्हापासून त्यांची जोडी झाली. जय टोक धरी, ओवी डाव्या हाताने ओढी. लांबच लांब पट्ट्या निघत.

डिसेंबर असाच गेला. नदी झाली, नदीवरचे धुके झाले, धुक्यातले बगळे झाले. ओवीचा हात बाहीत. एक दिवस आजोबा न्यायला आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. आदल्या दिवशी ते तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. बोटे आखडायला लागली आहेत, आता उशीर करू नका, नाहीतर पुढे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आजोबा म्हणाले, "बाय, तुमी दमानं घेता ते बरोबर. पन हात पोरीचा हाय. उजवा हाय."

ते गेल्यावर ताई बराच वेळ खळीचे पातेले घासत राहिल्या. पातेले केव्हाच स्वच्छ झाले होते. मी म्हटले, "ताई, उद्या आपण तिला जवळ घेऊन बसू. गोड बोलून हात बाहेर काढू." त्यांनी पातेले पालथे घातले. शेवटी म्हणाल्या, "मला भीती वाटते गं. मी चुकत असले तर त्या पोरीचा हात जाईल. पण ओढून काढला तर ती इथेही लपायला लागेल. मग कुठे जाईल ती?" इंदूताईंना मी इतक्या वर्षांत घाबरलेले पाहिले ते तेवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओवीच्या शेजारी जाऊन बसल्या, स्वतःसाठी कागद घेतला आणि तिच्याशी काही न बोलता बोळे करू लागल्या. मोठ्यांचा नव्हे, मुलांचा वेग. एक बोळा, मग दुसरा. असे त्या रोज बसू लागल्या. बाकीची मुले मी सांभाळत होते.

मग जयला सर्दी झाली आणि तो आला नाही. ओवीने कागद घेतला आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिले. दाराकडे पाहिले. ताई शेजारीच होत्या. मनात आणले असते तर त्यांनी लगेच टोक धरले असते. पण त्यांनी आपल्या बोळ्यावरून नजर वर केली नाही. मी खिडकीपाशी उभी राहून पाहत होते. ओवीने कागद गुडघ्याखाली घातला, पण तिला लांब पट्टी हवी होती, जयबरोबर निघायची तशी. ती गुडघ्याने निघेना. दोनदा कागद आखूडच फाटला. तिसऱ्यांदा तिने बाही दातांनी वर ओढली आणि हात बाहेर काढला.

गुलाबी, ताणलेली कातडी. बोटे आत वळलेली. तिने दोन बोटांच्या बेचक्यात कागदाचे टोक अडकवले आणि डाव्या हाताने ओढले. लांब पट्टी निघाली. तिने ती वर धरून पाहिली.

ताई म्हणाल्या, "लांब आहे. नदीला चालेल." बस, एवढेच. त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. हातातला बोळा मात्र त्यांनी इतका दाबला होता की त्याचा निळा रंग त्यांच्या घामेजल्या तळव्यावर उतरला.

जय परत आला तेव्हा ओवीचा हात बाहेर होता. त्याने तो पाहिला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ओवी, तेरा हाथ तो पिंक है!"

सगळी मुले वळून बघायला लागली. मी पुढे होणार, तेवढ्यात ताईंनी माझा हात धरला.

ओवीने स्वतःच्या हाताकडे पाहिले. "पाण्याने झाला," ती म्हणाली.

"दुखता है?"

"आता नाही."

"अच्छा," जय म्हणाला आणि कागद पुढे केला. "चल, इस बार तू पकड."

तिने धरला. त्याने ओढला. मुले आपापल्या कामाला लागली.

त्यानंतरचे काम सोपे नव्हते. डॉक्टरांनी दाखवलेले व्यायाम होते, आणि ते करताना बोटे दुखत. पण आता ती हात देत होती. ताईंनी कागदाचे तुकडे दिवसेंदिवस लहान करत आणले. आधी मुठीत मावेल एवढा बोळा, मग लिंबाएवढा, मग बोराएवढा, आणि संक्रांतीला हलव्याच्या दाण्याएवढा. त्या पांढऱ्या बारीक बोळ्यांचा ओवीने एक हार केला. पुठ्ठ्यावर चिकटवून, वाकडातिकडा. तो तिने ताईंच्या गळ्यात घातला. ताईंनी तो दिवसभर काढला नाही. बँकेतही तसाच घालून गेल्या. आजोबांनी मार्चमध्ये पेढे आणले. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा विषय बंद केला होता. करंगळी थोडी वाकडी राहिली, ती आजही आहे.

पुढच्या दिवाळीनंतर ओवी मोठ्या गटात होती. ताईंनी नेहमीप्रमाणे मुलांना विचारले, "थंडी आली. काय करू या?" कोणी पतंग म्हणाले, कोणी वांगी म्हणाले. ओवी म्हणाली, "शेकोटी." गेल्या वर्षी ती का झाली नाही हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. गावाला आजोबा शेकोटी करतात, आणि ती आता लांब बसते पण बघते, असे तिने सगळ्यांना सांगितले. ताई उठल्या, कपाट उघडले. कागद काढायला त्यांना जरा वेळच लागला. मी आत गेले तर त्या कपाटाच्या दाराआड उभ्या राहून डोळे पुसत होत्या. "धूळ आहे गं फार," असे मला म्हणाल्या आणि मग स्वतःच हसल्या.

ओवी आता माध्यमिक शाळेत आहे. अक्षर सुरेख आहे. या ग्रंथाच्या मुखपृष्ठाचे चित्र तिने केले आहे, आणि त्याला कोणी मोठ्या माणसाने बोट लावलेले नाही, याची खात्री मी स्वतः केली आहे.

माझ्यावर ताईंचे जे ऋण आहे ते वेगळेच. माझे शिक्षण बारावीपर्यंत. बालशिक्षणाचा अभ्यासक्रम करावा असे त्यांनी सुचवले तेव्हा मी घरच्या अडचणींची लांबलचक यादी वाचली. सासूबाई आजारी, केतकीची शाळा, यजमानांच्या पाळ्या. ताईंनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "सासूबाईंना दुपारी कोण हवं असतं?" मी म्हटले, जेवण भरवायला आणि गप्पा मारायला. त्या वर्षभर दुपारी बालवाडी सुटली की ताई आमच्या घरी जात, सासूबाईंना भरवत आणि त्यांच्याशी गप्पा मारत. मी त्या वेळी शहाडला वर्गात बसलेली असे. सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, "तुझी ती बाई गाते फार वाईट, पण येऊ दे तिला."

ताईंच्या सत्काराची बैठक झाली तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी मोठे सभागृह, व्यासपीठ, शाल, मानपत्र असा बेत केला होता. ताईंनी सगळे मान्य केले, फक्त सभागृहाऐवजी बालवाडीची खोली आणि व्यासपीठाऐवजी सतरंजी, एवढा बदल सांगितला. तेव्हा सत्कार तसाच होणार आहे. ज्यांच्या गुडघ्यांना जमत नसेल त्यांच्यासाठी खुर्च्या मांडू.

हल्ली ताईंचे हात थरथरतात. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. औषधे वेळेवर घेत नाहीत, चष्मा कुठे ठेवला ते विसरतात आणि त्याबद्दल बोललेले त्यांना आवडत नाही. रोज येणे होत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र रिक्षा करून येतात. बुटक्या खुर्चीवर बसतात आणि मुले त्यांच्या मांडीवर कागदाचे तुकडे आणून टाकतात. फाडताना हात थरथरला की कागदाची कड नागमोडी होते. परवा एक मुलगा ते बघून म्हणाला, "टीचर, मलाही असं शिकव ना."

त्याच दिवशीची गोष्ट. आम्ही मुलांना सांगत होतो की आता टीचरचा वाढदिवस येणार, मोठा वाढदिवस. साडेतीन वर्षांची अन्वी नावाची मुलगी खूप गंभीर होऊन ताईंच्या गुडघ्याला टेकली आणि म्हणाली, "टीचर, तू मोठी झाल्यावर कोण होणार?"

आम्ही मोठी माणसे हसलो. ताई हसल्या नाहीत. प्रश्न नीट विचारला होता, तेव्हा त्यांनी नीट विचार केला. खिडकीकडे पाहिले, मग अन्वीकडे.

"अजून ठरवलं नाही गं," त्या म्हणाल्या. "तुझं ठरलंय?"

"नाही," अन्वी म्हणाली.

"मग बस इथे. दोघी मिळून ठरवू."

इंदूताई, तुम्हाला ठरवायला भरपूर वेळ मिळो. गुडघे साथ देवोत, नजर स्वच्छ राहो, हातांना मुलांचे हात मिळत राहोत. अन्वीचे ठरेपर्यंत तुमचेही ठरू नये, आणि तिच्यानंतर जी येईल तिने पुन्हा हाच प्रश्न तुम्हाला विचारावा, एवढीच आम्हा सगळ्यांची मनापासून इच्छा आहे. घाई करू नका, ताई.